बाह्यरुग्ण विभाग आणि उपदंशाचे प्रमाण: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयाच्या ओपीडीत येणाऱ्या शंभर जणांपैकी किती जणांना उपदंश असतो, हा प्रश्न वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी विचारतात, वार्ताहर विचारतात, आशा कार्यकर्त्या विचारतात आणि हातात ‘व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह’, म्हणजे उपदंशाची प्राथमिक रक्ततपासणी पॉझिटिव्ह, असा कागद घेऊन घाबरलेला रुग्णही विचारतो. शब्द तेच असले, तरी प्रत्येकाला हवे असलेले उत्तर वेगळे असते. खालील प्रश्नोत्तरे हे लक्षात ठेवून लिहिली आहेत. ती वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत.

उपदंश म्हणजेच गरमी का? आणि ‘उपदंशासारखे संसर्ग’ म्हणजे काय?

होय. शास्त्रीय पुस्तकांत ज्याला उपदंश म्हणतात, त्या मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारालाच जुन्या बोलीत गरमी म्हणत आणि डॉक्टर सिफिलिस म्हणतात. मात्र आपल्याकडे ‘गरमी’ आणि ‘उष्णता’ हे शब्द सैलपणे वापरले जातात. तोंड आले, लघवीला जळजळ झाली, अंगावर पुरळ उठले, की ‘उष्णता झाली’ असे म्हणून सब्जा आणि गुलकंद सुरू होतो. खऱ्या उपदंशाचा पहिला व्रण दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, त्यामुळे उष्णता उतरली असा समज पक्का होतो आणि रुग्ण ओपीडीपर्यंत पोहोचतच नाही.

हा आजार ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या मळसूत्रासारख्या जिवाणूमुळे होतो. बर्लिनमध्ये १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांनी तो प्रथम ओळखला. याच जिवाणूचे काही जवळचे भाऊबंद आहेत. त्यांच्यापैकी ‘यॉज’ हा त्वचारोग मुख्यतः लहान मुलांमध्ये त्वचेच्या संपर्कातून पसरत असे आणि महाराष्ट्रासह काही राज्यांच्या आदिवासी पट्ट्यांत तो आढळत होता. यॉजमुक्त देश म्हणून भारताला जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मान्यता दिली. ‘बेजेल’ आणि ‘पिंटा’ हे आणखी दोन प्रकार परदेशांतील आहेत. महत्त्वाची बाब अशी, की रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या या भावंडांमध्ये फरक करू शकत नाहीत. म्हणून काटेकोर लिहिणारे ‘उपदंश इतक्या टक्के’ असे न म्हणता ‘उपदंशाच्या रक्ततपासणीत इतके टक्के रिअॅक्टिव्ह’ असे म्हणतात. मराठवाड्यात आज अशी तपासणी खरोखर पॉझिटिव्ह निघाली, तर तिचा अर्थ व्यवहारात उपदंश असाच घेतला जातो.

मग ओपीडीतील प्रमाण नेमके किती? एक आकडा सांगा.

असा एक आकडा नसतो, आणि कोणी दिला तर तो देणाऱ्याला आधी छेद विचारावा. शाळेच्या गणितात अंश वर आणि छेद खाली असतो. बातम्यांमध्ये अंश ठळक अक्षरांत येतो आणि छेद गाळला जातो. वीस रुग्ण सापडले, हा अंश झाला. ते कोणत्या दोनशे किंवा वीस हजार माणसांमधून सापडले, हे कळल्याशिवाय त्या विसांना काही अर्थ नाही.

बाह्यरुग्ण विभाग म्हणजे एक समूह नव्हे. सकाळी केस पेपरच्या खिडकीसमोर एकच रांग असते, पण पुढे ती वीस दारांत फुटते. नेत्र विभागात चष्म्याचा नंबर काढायला आलेले निवृत्त शिक्षक, प्रसूतिपूर्व तपासणीला आलेली सून, जननेंद्रियावर फोड आला म्हणून चर्म व गुप्तरोग विभागाच्या बाहेर नजर चुकवत उभा असलेला ट्रकचालक आणि आखाती देशात नोकरीला जाण्यापूर्वी वैद्यकीय दाखला काढणारा तरुण हे चौघेही ‘बाह्यरुग्ण’ आहेत. त्यांच्यात उपदंश असण्याची शक्यता मात्र कोणत्याही अर्थाने सारखी नाही. सर्वसाधारण लोकसंख्येसारख्या गटात, म्हणजे गर्भवती किंवा रक्तदाते यांच्यात, आपल्याकडे हे प्रमाण एका टक्क्याच्या खाली अपेक्षित असते. लैंगिक आजारांच्या तक्रारी घेऊनच आलेल्यांत ते अनेक पटींनी जास्त निघते. या दोन गटांची सरासरी काढून ‘ओपीडीचे प्रमाण’ सांगणे म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची आणि गावातल्या आडाची सरासरी खोली सांगण्यासारखे आहे.

एकाच जिल्ह्यातील दोन रुग्णालयांचे आकडे इतके वेगळे कसे येतात?

सर्वांत मोठे कारण हे, की तपासणी कोणाची करायची हे डॉक्टर ठरवतात. ज्या ठिकाणी फक्त संशयित रुग्णांचे रक्त पाठवले जाते, तेथे टक्का फुगतो. जेथे शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येकाची किंवा प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या प्रत्येकीची चाचणी होते, तेथे तो आपोआप खाली येतो. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मात्र दोन्ही नमुने शेजारी शेजारी लिहिलेले असतात आणि वर्षाअखेरीस त्यांची एकच बेरीज होते.

दुसरे कारण पाठवणीचे आहे. ग्रामीण रुग्णालयातून अवघड रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात, नांदेडला किंवा लातूरला पाठवले जातात. अशा मोठ्या रुग्णालयाचा आकडा त्या शहराचा नसतो, तर चार तालुक्यांतून आणि कधी शेजारच्या जिल्ह्यांतून गाळून आलेल्या रुग्णांचा असतो. हिंगोलीचा रुग्ण नांदेडच्या टक्क्यात मोजला जातो, यात कोणाचीही चूक नाही; मात्र त्यावरून ‘नांदेडमध्ये गुप्तरोग वाढला’ असा मथळा देणे ही चूक आहे.

तिसरे कारण साधे, पण फार वेळा नजरेआड होणारे आहे. एकच रुग्ण तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी फेरतपासणीला येतो आणि नवीन केस पेपर काढल्यामुळे प्रत्येक वेळी नवा पॉझिटिव्ह म्हणून नोंदला जातो. उपचार चांगले चालले असतील, तर फेरतपासण्या अधिक आणि म्हणून आकडाही अधिक, असा उलटा न्याय येथे होतो.

चौथे कारण चाचणीचे आहे. त्याला स्वतंत्र प्रश्न हवा.

व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह आली म्हणजे उपदंश झालाच का?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे जितके संसार विनाकारण विस्कटले असतील तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या कागदामुळे विस्कटले असतील, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

व्हीडीआरएल आणि तिची धाकटी बहीण आरपीआर या चाचण्या जिवाणू शोधत नाहीत. पेशींना इजा झाल्यावर शरीर एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करते आणि या चाचण्या ती प्रतिपिंडे ओळखतात. अशी इजा उपदंशात होते, पण कुष्ठरोग, हिवताप, क्षयरोग, ल्युपससारखे संधिवाताच्या कुळातले आजार, वार्धक्य आणि कधीकधी नुसते गर्भारपण यांतही ही प्रतिपिंडे दिसू शकतात. याला जैविक खोटा पॉझिटिव्ह म्हणतात. म्हणून दुसरी, जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे थेट पाहणारी चाचणी करावी लागते. टीपीएचए, टीपीपीए आणि बोटातून रक्त घेऊन केली जाणारी रॅपिड पट्टी या तिच्या जाती आहेत.

हिशेब करून पाहू. यातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही रुग्णालयाचे नाहीत. सर्वसाधारण ओपीडीतील १०,००० लोक तपासले आणि त्यांच्यापैकी खरा उपदंश अर्ध्या टक्क्याला, म्हणजे ५० जणांना आहे, असे धरू. व्हीडीआरएलने त्यांच्यापैकी ४५ पकडले. उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकी केवळ एक टक्का लोकांमध्ये ती चुकून रिअॅक्टिव्ह आली, तरी ते जवळजवळ १०० जण झाले. आता नोंदवहीत १४५ पॉझिटिव्ह आहेत आणि त्यांच्यापैकी दोनतृतीयांशांहून अधिक लोकांना उपदंश नाहीच. शिवाय अहवालात प्रमाण अर्ध्या टक्क्याऐवजी जवळजवळ दीड टक्का छापले जाईल. याच १४५ जणांची टीपीएचए केली, तर खोट्या शंभरांपैकी एखाददुसराच शिल्लक राहतो.

तीच व्हीडीआरएल गुप्तरोग विभागात नेऊ. तेथे १,००० पैकी १०० जणांना खरोखर आजार असेल, तर चाचणी ९० पकडेल आणि ९०० निरोगी माणसांपैकी ९ जणांना चुकून धरेल. येथे पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी नऊ जण खरे रुग्ण आहेत. चाचणी तीच, तंत्रज्ञ तोच, रसायनही त्याच बाटलीतले. बदलले ते फक्त दार.

म्हणून ओपीडीतील प्रमाणावरचा कोणताही अहवाल वाचताना पहिला प्रश्न हा असावा, की ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे एक चाचणी की दोन्ही.

टीपीएचए पॉझिटिव्ह आणि व्हीडीआरएल निगेटिव्ह, असे उलटे आले तर?

तीन शक्यता उरतात. पूर्वी कधीतरी उपदंश होऊन बरा झाला असेल, आजार अगदी नवा असेल, किंवा फार जुना आणि उपचार न झालेला असेल. टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली, की उपचारानंतरही बहुतेकांमध्ये ती आयुष्यभर तशीच राहते. त्यामुळे केवळ रॅपिड पट्टीवर केलेली पाहणी ‘आज किती जण आजारी आहेत’ हे सांगत नाही, तर ‘आजवर किती जणांना हा आजार होऊन गेला’ हे सांगते. वयस्कर पुरुषांमध्ये पट्टीचा आकडा चढलेला दिसतो, त्यात या जुन्या हिशेबाचा वाटा असतो.

कागदावर १:२, १:८, १:६४ असे लिहिलेले असते, ते काय?

रक्तातला द्रव टप्प्याटप्प्याने निम्मा निम्मा पातळ करत किती पातळ होईपर्यंत चाचणी रिअॅक्टिव्ह राहते, ते या आकड्यांत सांगितलेले असते. १:६४ म्हणजे चौसष्टपट पातळ करूनही प्रतिक्रिया दिसली. साधारणपणे १:८ किंवा त्याहून वरचा आकडा सक्रिय आजाराकडे अधिक बोट दाखवतो आणि खोटे पॉझिटिव्ह बहुधा त्याखाली असतात, पण ही भिंत नव्हे, कुंपण आहे. जुन्या, सुप्त म्हणजे लक्षणे न दाखवणाऱ्या उपदंशातही १:२ येऊ शकतो. उपचारानंतर हा आकडा चौपटीने उतरायला हवा, म्हणजे १:३२ चा १:८ किंवा त्याहून कमी झाला पाहिजे. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच चाचणीने मोजावे, कारण व्हीडीआरएलचा आकडा आणि आरपीआरचा आकडा एकमेकांशी पडताळून पाहता येत नाहीत.

चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे काळजी मिटली का?

बहुतेक वेळा मिटली, पण दोन अपवाद ध्यानात ठेवावेत. संसर्ग झाल्यापासून पहिला व्रण दिसेपर्यंत साधारण तीन आठवडे, कधी दहा दिवस तर कधी नव्वद दिवसही, जातात आणि व्रण नुकताच दिसू लागला असताना व्हीडीआरएल निगेटिव्ह असू शकते. दुसरा अपवाद विचित्र वाटेल. आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे अंगावर पुरळ उठते तेव्हा, प्रतिपिंडे इतकी जास्त होतात, की चाचणीच गोंधळते आणि रक्त पातळ न करता पाहिले तर निगेटिव्ह दाखवते. तळहात आणि तळपायांवर न खाजणारे तांबूस चट्टे आहेत आणि व्हीडीआरएल मात्र निगेटिव्ह, असा रुग्ण दिसला, की अनुभवी चर्मरोगतज्ज्ञ प्रयोगशाळेला फोन करून नमुना पातळ करून पुन्हा पाहायला सांगतात.

गर्भवती स्त्रियांची तपासणी कशासाठी? आमच्या घरात असे काही नाही.

‘आमच्या घरात असे काही नाही’ हे वाक्य प्रसूतिपूर्व तपासणीच्या टेबलावर रोज ऐकू येते, आणि बहुतेक घरांच्या बाबतीत ते खरेही असते. तरीही तपासणी प्रत्येकीची केली जाते, कारण उपदंशाचा सुप्त टप्पा वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता चालतो आणि त्या काळातही जिवाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतो. आईच्या नव्या उपदंशावर उपचार झाले नाहीत, तर निम्म्या किंवा त्याहून अधिक गरोदरपणांत गर्भपात, मृत बालक, कमी दिवसांचे बाळ किंवा जन्मजात उपदंश यांपैकी काही ना काही घडते. जगभरात २०२२ साली १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८० लाख लोकांना नव्याने उपदंश झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्याच वर्षी जन्मजात उपदंशाची प्रकरणे सुमारे ७ लाख असावीत असेही ती संघटना सांगते. हे जवळजवळ सगळे एका स्वस्त इंजेक्शनाने टाळता येण्यासारखे असते.

भारतात आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि उपदंश यांचा संसर्ग संपवण्याचा कार्यक्रम एकत्र चालतो. म्हणूनच आता एकाच पट्टीवर दोन्ही आजार तपासणारी चाचणी आली आहे. उपदंशापुरती जागतिक कसोटी अशी, की दर एक लाख जिवंत जन्मांमागे जन्मजात उपदंशाची प्रकरणे ५० पेक्षा जास्त नसावीत आणि प्रसूतिपूर्व नोंदणी, उपदंशाची तपासणी व बाधित गर्भवतींवरील उपचार हे तिन्ही किमान ९५ टक्के असावेत.

मराठवाड्यात ही ९५ टक्क्यांची अट एका ठिकाणी हमखास अडखळते. दसरा सरला, की बीड, धाराशिव, जालना, परभणी या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर असल्यामुळे गर्भवती स्त्रीही सोबत जाते. नोंदणी गावच्या उपकेंद्रात झालेली असते, रक्त काढायची तारीख येते तेव्हा ती फडात असते आणि प्रसूती तिसऱ्याच तालुक्यात होते. तिची तपासणी झाली नाही, तर ती छेदातही नाही आणि अंशातही नाही. आकडेवारीच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही. त्यामुळे गावात उरलेल्या स्त्रियांवरून काढलेला कमी टक्का हा जिल्ह्याचा खरा टक्का आहे, असे मानण्यापूर्वी कोण गैरहजर होते हे पाहावे लागते. टोळी निघण्यापूर्वी आशाताईंनी या स्त्रियांची पट्टीचाचणी उरकून घेतली आणि निकाल माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून दिला, तर अर्धे काम होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची दर महिन्याची ९ तारीख यासाठी सोयीची पडते.

रक्तपेढीचे आकडे अधिक विश्वासार्ह नाहीत का?

रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, उपदंश आणि हिवताप या पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे. त्यामुळे तेथे छेद चोख असतो. पण रक्तदाता हा प्रश्नावलीतून गाळलेला, बहुधा तरुण आणि बहुधा पुरुष असतो. त्याचा आकडा ओपीडीचा किमान तळ दाखवतो, एवढेच म्हणता येईल.

पूर्वी हा आजार फार होता, आता संपला, हे खरे आहे का?

पूर्वार्ध खरा, उत्तरार्ध अर्धाच खरा. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेद ग्रंथात ‘फिरंग रोग’ या नावाने त्याचे वर्णन आणि चोपचिनीचा उपाय येतो. नावातच तो फिरंग्यांबरोबर आल्याचा आरोप आहे. पाऱ्याचे लेपही चालत. पुढे १९१० साली एर्लिक यांचे साल्व्हर्सान हे औषध आले आणि १९४३ साली पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दिसून आले, त्यानंतर चित्रच पालटले. हाडे-हृदय पोखरणारा तिसरा टप्पा आजच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने क्वचितच पाहिलेला असतो.

ही घट पेनिसिलिनमुळे झाली, पण सगळी त्यामुळे नाही. खोकला-तापासाठी मेडिकलवरून घेतलेली प्रतिजैविके नकळत उपदंशही दाबतात. त्याने लक्षणे पुसली जातात, रक्तातला पुरावा मात्र राहतो, आणि असा माणूस ओपीडीत दुसऱ्याच कारणासाठी येतो व सुप्त उपदंशाचा म्हणून सापडतो. जगात अनेक देशांत गेल्या वीसेक वर्षांत हा आजार पुन्हा वाढला आहे. तेव्हा ‘संपला’ हा शब्द घाईचा ठरतो.

भांड्यांमधून, सार्वजनिक शौचालयातून किंवा कपड्यांमधून होतो का?

नाही. हा जिवाणू शरीराबाहेर फार नाजूक असतो. संसर्ग लैंगिक संबंधातून, आईकडून बाळाला, क्वचित दूषित रक्तातून आणि ओल्या व्रणाच्या थेट स्पर्शाने होतो.

उपचार कोणता आणि कोठे मिळतो?

संसर्गाला फार काळ झाला नसेल, तर बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, कमरेत, एकदाच. जुना किंवा कधीचा ते न कळणारा सुप्त उपदंश असेल, तर तेच दर आठवड्याला एक याप्रमाणे तीन वेळा. मेंदू, डोळे किंवा कान बाधित असतील, तर रुग्णालयात दाखल करून शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागते. ऐंशी वर्षे वापरूनही या जिवाणूने पेनिसिलिनला दाद न दिल्याचे उदाहरण समोर आलेले नाही, ही प्रतिजैविकांच्या जगातली दुर्मीळ सुवार्ता आहे. इंजेक्शनानंतर पहिल्या दिवशी थंडी-ताप येऊ शकतो. तो मरणाऱ्या जिवाणूंमुळे येतो आणि तो आला म्हणून औषधाची अॅलर्जी आहे असे समजू नये. पेनिसिलिनची खरी अॅलर्जी असेल, तर डॉक्सिसायक्लिन देतात, पण गर्भवतीला ते चालत नाही. तिच्यासाठी पेनिसिलिनच लागते, आणि बाळापर्यंत उपचार पोहोचायचा तर ते प्रसूतीच्या किमान एक महिना आधी सुरू झालेले असावे.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तेथे लक्षणांनुसार रंगीत किट दिली जातात. जननेंद्रियावरील व्रणासाठी पांढरे, पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठी निळे. उपचार मोफत असतात. बसस्थानकाच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ अशा पाट्या रंगवणाऱ्यांकडे जो पैसा आणि जो वेळ जातो, त्यातला वेळ अधिक महाग पडतो.

जोडीदाराला सांगावेच लागते का?

सांगावे लागते, कारण उपचार एकाचा करून दुसऱ्याला सोडले, तर संसर्ग परत येतो. एकदा झाल्याने या आजाराविरुद्ध कायमची प्रतिकारशक्ती येत नाही. नव्या उपदंशाच्या रुग्णाशी गेल्या ९० दिवसांत संबंध आलेल्या जोडीदारावर, चाचणी निगेटिव्ह असली तरी उपचार करतात. कसे सांगावे, यासाठी समुपदेशकाची मदत घ्यावी. पती-पत्नीपैकी एकाचीच चाचणी पॉझिटिव्ह असणे शक्य आहे आणि संसर्ग कोणी कोणाला दिला, हे रक्ताच्या कागदावरून ठरवता येत नाही. आपल्याकडे अनेकदा सुनेची तपासणी गर्भारपणामुळे आधी होते, म्हणून आजारही तिच्याच नावावर आधी लागतो. हा क्रम तपासणीचा आहे, संसर्गाचा नव्हे. समुपदेशकांनी हे वाक्य सासरच्या मंडळींसमोर स्पष्टपणे उच्चारावे, असा आमचा आग्रह आहे. आणि एचआयव्हीची चाचणी दोघांनीही करून घ्यावी, कारण उपदंशाचा उघडा व्रण एचआयव्हीला वाट मोकळी करून देतो.

मी प्रबंधासाठी ओपीडीतील प्रमाण काढत आहे. किती नमुने पुरतील?

१,००० पैकी १२ पॉझिटिव्ह आले, तर प्रमाण १.२ टक्के लिहाल, पण खरे प्रमाण साधारण ०.७ ते २.१ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते, हेही लिहावे लागेल. ३०० जण तपासून एकही सापडला नाही, तर ‘उपदंश नाही’ असे नाही. प्रमाण एक टक्क्यापर्यंत असूनही असा भोपळा हाती येऊ शकतो. त्यामुळे कमी प्रमाणाच्या आजारात पाच-पाच वर्षांच्या वयोगटनिहाय तक्त्यांचा मोह टाळावा. बारा रुग्णांना सहा वयोगटांत वाटल्यावर जे उरते, त्याला आकडेवारी म्हणता येत नाही.

विभागवार छेद वेगळा द्यावा. सलग येणारे सर्व रुग्ण घेतले की डॉक्टरांनी पाठवलेलेच घेतले, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे. फेरतपासणीचे नमुने वगळावेत. केवळ व्हीडीआरएल, केवळ टीपीएचए आणि दोन्ही रिअॅक्टिव्ह असे तीन रकाने ठेवावेत आणि ‘सक्रिय उपदंश’ हा शब्द तिसऱ्यासाठीच वापरावा. गर्भवतींच्या बाबतीत नमुने कोणत्या महिन्यांतले आहेत, तेही नमूद करावे. ऊसतोडीच्या हंगामात घेतलेला नमुना आणि पावसाळ्यातला नमुना हे दोन वेगळे समाज आहेत.

बरा झाल्यावर जुने कागद किती दिवस जपून ठेवावेत?

आयुष्यभर. टीपीएचए यापुढेही पॉझिटिव्ह येत राहणार असल्यामुळे, दहा वर्षांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी किंवा परदेशच्या दाखल्यासाठी रक्त दिले, की तोच प्रश्न पुन्हा उभा राहील. उपचारापूर्वीचा व्हीडीआरएलचा आकडा, इंजेक्शनाच्या तारखा आणि नंतर उतरलेला आकडा या तीन नोंदी असलेला कागद दाखवला, तर पुन्हा इंजेक्शने घ्यावी लागत नाहीत, नवीन डॉक्टरांना अंदाज बांधावे लागत नाहीत आणि नोंदवहीतल्या नव्या रुग्णांमध्ये आपली दुसऱ्यांदा गणतीही होत नाही. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाशेजारी ठेवावा.